जन्मापासून असंच

४ एप्रिल, मंगळवार

सगळ्यात आधी टपकली ती शिंपीण. वाढदिवसाला बोलावलं होतं पाचला आणि बाई साडेतीनला दारात. हातात काय, तर चिंध्यांची बाहुली, आणि तिला डोळेच नाहीत. म्हणाली, "डोळे नंतर लावून देते." मी म्हटलं, "तुझं सगळं नंतरच. गिऱ्हाइकं बाह्यांची वाट बघत म्हातारी झाली." मग दूधवाल्याची बायको तीन पोरांना घेऊन आली, खाऊचं ताट बघून पोरांचे डोळे हे एवढाले. खालच्या मजल्यावरचे मास्तर तेवढे वेळेवर, काठी टेकत.

भिंगरीला पाच पूर्ण झाली. तुझीच मुलगी म्हण, जन्म तू दिलास, मी कुठे नाही म्हणते? पण तिला बोलतं कोणी केलं? खुर्चीवर उभी करून मी तिला कविता म्हणायला लावल्या. अकरा म्हटल्या पोरीने, एक अक्षर खाल्लं नाही. मास्तर म्हणाले, "आजीबाई, वाणी काय स्वच्छ आहे हो हिची!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आई ठार बहिरी, बाप ठार बहिरा. ही बोलते ती माझ्या जिवावर." सगळ्यांनी च्‌ च्‌ केलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

शाळा सुरू व्हायच्या आधी न्यायला येतो असं लिहिलंस. नेऊन करणार काय? तुमच्या घरात ताट पडलं तरी दोघं मान वर करत नाही तुम्ही. मागे आला होतात तेव्हा मी मुद्दाम पातेलं पाडून बघितलं होतं, जावईबापू आपले चहात बिस्कीट बुडवत बसलेले. अशा घरात पोपटाचा दगड होईल. ऐकणारं मूल ऐकणाऱ्या घरात, असं आपलं ठरलंय. तू रडलीस तेव्हा, पण मान हलवली होतीस. भिंगरीचे कान धड आहेत तोवर ती माझी.

बाकी सगळं ठीक. तिचा डावा कान थोडा वाहतोय तेवढं. अंघोळीचं पाणी गेलं असेल. लसूण घालून तेल कोमट केलं आणि सोडलं. तू लगेच घाबरशील, तुझं कामच तसं. दिवसभर लोकांच्या आजारपणाच्या फायली वाचायच्या आणि प्रत्येक दुखण्याला त्याचा आकडा लावायचा. शिंपिणीला सांगितलं तर तिला खरं वाटेना. म्हणाली, "दुखणं लोकांचं, आकडा हिचा, आणि पगार कशाचा?" खूप हसलो.

तुला फोन करून काही उपयोग नाही म्हणून हे कागद खरडते. चौथी पास झाले ते असं कामाला आलं.

१२ एप्रिल, बुधवार

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. पत्र आहे का पोलिसाची चौकशी? "तेल घालू नकोस. डॉक्टरला दाखव. रंग कोणता, वास येतो का, ताप आहे का, किती दिवस झाले, लिही." आई कशी आहेस, गुडघा कसा आहे, एक शब्द नाही.

घे तर. रंग पिवळा, मधे एकदा हिरवट. वास आहे. शिंपीण माप घ्यायला आली तर नाकाला रुमाल लावून उभी. मी म्हटलं, "तुझ्या मशीनच्या तेलाला काय अत्तराचा वास येतो का?" ताप म्हणशील तर अंग कोमट असतं, पण पोर आहे, दिवसभर फिरते, तापणारच. औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरने थेंब दिले आणि ते घातल्यावर, ऐक, सोमवारपासून कान वाहायचा बंद! एकदम कोरडा. तेलाचा गुण म्हण, थेंबांचा म्हण. म्हणजे तुझ्या चौकशीचं कामच उरलं नाही.

एक गंमत मात्र झालीय. तो कान पुढे आलाय. कपाच्या कानासारखा दिसतो. आरशात दाखवला तर आधी हसली, मग हात लावायला गेले तर किंचाळली. नखरे. आणि लबाड तर इतकी झालीय! डाव्या बाजूने हाक मारली की ऐकून न ऐकल्यासारखं करते. काल तीनदा "भिंगरे, भिंगरे" केलं, बाहुलीशी खेळत बसली. चौथ्यांदा कानाखाली एक दिली. हलकीच. पण आडवी पडून असं रडली की मास्तर वर आले. मी तिला म्हटलं, "रडून कान फुटतात. आईसारखी बहिरी व्हायचंय?" तेव्हा गप्प झाली.

आई कधी येणार, असं विचारते. मी सांगते, रविवारी. तुलाही मी तेच सांगायचे. तुला त्या बहिऱ्यांच्या वसतिशाळेत ठेवलं तेव्हा तुला काही ऐकू यायचं नाही, मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल आकड्यावर बोट टेकवायचे, आणि तू मान हलवायचीस. दर रविवारी तू फाटकाचे गज धरून बसायचीस असं तिथल्या बाई सांगायच्या. मी कुठून येणार? घरात कामाचा डोंगर, तुझ्या आत्याचं लग्न तोंडावर. पण रविवार म्हटलं की पोर गप्प बसतं. कोणता, ते विचारत नाही.

१७ एप्रिल, सोमवार

झालं तुझं समाधान. आज दाखवलं डॉक्टरला.

मास्तरांनीच भुणभुण लावली होती. सरकारी दवाखान्यात कानाच्या खोलीबाहेर ही रांग! एक म्हातारा कानात पेन्सिलीचं टोक अडकवून आला होता, त्याची बायको सगळ्यांना सांगत होती की पेन्सिल कोणाची. दोन तास कसे गेले कळलं नाही. भिंगरी मांडीवर निजून होती, हल्ली निजूनच असते.

डॉक्टर कोवळा पोरगा, मिशी अजून ठरवतेय यायचं का नाही. कानात दिवा घालून बघायला गेला, तर हिने मान फिरवून थयथयाट केला. मागे बोट लावू देईना. त्याने विचारलं, "आजी, हा कान असा पुढे कधीपासून?"

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "जन्मापासून असंच."

खरं सांगते, विचार करून नाही बोलले. तीस वर्षं झाली, कान म्हटलं की माझ्या जिभेवर हेच येतं. तो म्हणाला, "घरात आणखी कोणाचा असा आहे?" मी म्हटलं, "आईचा. आईच्याच वळणावर गेलीय." आता एकदा निघालंय तर मागे कसं घ्यायचं? बाहेर चाळीस माणसं ऐकत होती. आठ दिवसांत आलाय म्हटलं असतं तर म्हणाला असता, आठ दिवस काय करत होतात.

भिंगरी मधेच म्हणाली, "आधी झोपलेला होता. आता उठून बसलाय." डॉक्टर हसला, मी हसले, नर्सही हसली. त्याने कागदावर दोन ओळी लिहिल्या, तेच थेंब पुन्हा दिले, आणि म्हणाला, कानाचा आकार खटकत असेल तर शाळेत जायला लागल्यावर बघू.

मग कागद खिडकीवर द्यायचा. तिथे तुझ्याच धंद्यातला एक माणूस बसलेला, चष्मा कपाळावर. त्याने डॉक्टरचं वाचलं, मशीनवर टकटक केलं आणि छापील कागद दिला. मी म्हटलं, "आकडा कुठला तो दाखवा हो, माझी मुलगी हेच करते." त्याने बोट ठेवलं. तुला म्हणून उतरवून पाठवते, बघ ओळखता येतो का. आधी इंग्रजीतलं ते गोल अक्षर, खाली शेपूट असलेलं. मग १७. मग टिंब. मग ५.

बघ, आई असावी तर अशी. तुला तुझ्या भाषेत पत्र पाठवलं.

आता न्यायची घाई करू नका. अंगात कडकी आहे, कोणी हाक मारली की उलटी बाजू फिरवते, आज सकाळी दोनदा ओकली. प्रवास झेपायचा नाही तिला. निदान पाऊसपाणी होईपर्यंत माझ्याकडेच राहू दे.

२४ एप्रिल, सोमवार

हे पत्र मोठ्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकते, मला तुमच्या वॉर्डात कोणी सोडत नाही म्हणून. दारावरच्या शिपायाला म्हटलं, मी आजी आहे. तो म्हणाला, "नाव यादीत नाही." यादी कोणी केली, ते मला कळतं.

गुरुवारी तू आलीस तेव्हा मी शेंगा सोलत होते. आधी वाटलं कोणी विकायला आलंय. नमस्कार नाही, चप्पल काढणं नाही, मागे जावईबापू. भिंगरीचे केस बाजूला केलेस, कानामागे बोट टेकवलंस, आणि ती कशी ओरडली! तुला ते ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड बघून तुझं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. तिथलं मऊ झालं होतं, पिकलेल्या फळासारखं. मला माहीत नव्हतं. म्हणजे हात लावू देत नव्हती, मग माहीत कसं होणार?

गाडीत तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. जावईबापूंनी तेवढं कागदावर लिहून दाखवलं, की त्या शेपटीवाल्या अक्षराची सगळी पानं उपजत खोडांची असतात. कानाच्या दुखण्यांची पानं वेगळी, त्यांचं अक्षर एका पायरीच्या शिडीसारखं. माझं पत्र वाचून तू खुर्चीतून उठलीस ती थेट स्टेशनवर, कारण जन्मल्यावर तिचे दोन्ही कान तूच चोळून बघितले होतेस, पानासारखे चपटे. हे खरं आहे. मीही बघितले होते.

आता तिथलं. ती मोठी डॉक्टरीण, केस पांढरे, आवाज पुरुषासारखा. तिने मला विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, "चार." मग तू पिशवीतून काढलंस. काय काढलंस? माझी पत्रं! माझीच, माझ्या अक्षरात, वर तारखा घातलेल्या. टेबलावर एकेक ठेवलंस आणि ओळींवर बोट फिरवत गेलीस. चारला वाहतोय. बाराला बंद झाला, कान पुढे आला, हाक ऐकू येत नाही. सतराला ओकली. डॉक्टरणीने वाचलं आणि सगळं फाईलमध्ये उतरवून घेतलं. पातेल्याचंही वाचलं असेल. मग मला म्हणाली, "आजी, वाहायचा थांबला तो बरा होऊन नाही थांबला. पू आतल्या बाजूला वळला. कानामागच्या हाडात गेलाय, तिथून मेंदू बोटभर लांब." आणि तासाभरात पोरीला आत नेलं. हाड कोरून पू काढला म्हणतात.

माणूस मन मोकळं करायला पत्र लिहितं. ते असं पुरावा म्हणून मांडायचं असतं का गं?

बाहेर बाकावर तू मला विचारलंस. तुझा आवाज मला कधीच आवडला नाही, डब्यातून आल्यासारखा, सगळे वळून बघतात. "आणि माझा?" मी म्हटलं, तुझा जन्मापासून. तू मान हलवलीस. मग तुझ्या पिशवीतून आणखी एक जुनाट कागद काढलास, तुझ्या लहानपणच्या फाईलची नक्कल. त्यावरही हाताने लिहिलेलं, आजीनं नाही, आईनं सांगितलेलं: जन्मापासून. आणि म्हणालीस, "लिहून दे. तारखेसकट. आमच्या कामात जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं धरतात."

लिहिते. काय होणार आहे आता?

तू चार वर्षांची होतीस. छान ऐकायचीस, बोलायचीस तर इतकी की तुझे बाबा म्हणायचे, हिला कुलूप लावा. तुझा उजवा कान वाहायला लागला तेव्हा आत्याला बघायला यायचे होते. घरात वाहत्या कानाचं पोर म्हटल्यावर लोक काय म्हणतील, म्हणून टोपी घालून ठेवली. तुझाही थांबला होता वाहायचा. तुझाही कान पुढे आला होता, टोपीखाली दिसत नव्हता. पाहुणे आले, आत्या पसंत पडली, सगळे आनंदात. तू कोपऱ्यात निजलेली. मग ताप डोक्यात गेला. अकरा दिवसांनी उठलीस तेव्हा मी हाक मारली आणि तू भिंतीकडे बघत राहिलीस.

डॉक्टरने विचारलं, हे कधीपासून. तुझी आजी शेजारी उभी होती, म्हणजे माझी सासू, जिभेला धार. मी म्हटलं, जन्मापासून असंच. त्याने लिहून घेतलं. सासू काही बोलली नाही, कारण आत्याच्या सासरकडेही तेच सांगायचं ठरलं. नंतर तेच खरं झालं. इतक्यांदा सांगितलं की मला स्वतःला तुझं बोलणं आठवेनासं झालं. एक आठवतं. तू "टोपी" म्हणायची नाहीस, "पोटी" म्हणायचीस.

झालं का समाधान? तारीख वर घातलीय.

भिंगरीला मी केलेली खीर पाठवली होती. शिपायाने परत आणून दिली.

१० मे, बुधवार

काल तुम्ही सगळे येऊन गेलात, घर कसं भरल्यासारखं वाटलं! शिंपीण तर तुम्ही उतरायच्या आधीच जिन्यात. बाहुलीला डोळे लावून आणले होते तिने, दोन वेगवेगळ्या रंगांचे. भिंगरीला ते जास्तच आवडले.

किती बारीक झालीय पोर. पट्टी सुटली तरी त्या बाजूचे केस अजून यायचेत. डाव्याने कमीच ऐकेल असं म्हणतात, उजवा शाबूत. म्हणजे बघ, एक तर राहिला! मी शिंपिणीला म्हटलं, एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडायचं, तो दुसरा नाही म्हणजे माझं बोलणं सगळं आतच राहील. तिला हसू आलं नाही. हल्ली तिला माझं काही हसू येत नाही.

मी चहा केला, तुम्ही बसलात. आणि मग तुमचं सुरू झालं ते हातांनी. तू, जावईबापू आणि भिंगरी. तीन आठवड्यांत कुठून शिकली एवढं? बोटं अशी चालत होती तिची! जावईबापूंनी काहीतरी केलं नाकाजवळ आणि ती खदखदून हसली. मग तिने माझ्याकडे बघून काहीतरी केलं, आणि तू हसलीस. तुला हसताना मी केव्हा बघितलं होतं ते आठवत बसले. तासभर माझ्याच घरात, माझ्याच समोर बोलत होतात आणि मला एक अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, "भिंगरे, काय म्हणते आई?" तिने उजवा कान माझ्याकडे केला, नीट ऐकलं, आणि तोंडाने म्हणाली, "काही नाही, आजी." किती स्वच्छ बोलते अजून! ते माझंच शिकवलेलं.

मी तिला म्हटलं, कविता म्हण एखादी. तिने तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवली नाहीस. मग तिने नाही म्हटलं.

कपडे तू घडी करून भरलेस. मी म्हटलं, थोडे राहू देत, आल्यावर लागतील. तू ओठ वाचतेस, तुला कळलं असणार, पण तू खालचा कप्पाही रिकामा केलास. फ्रॉक सगळे नेलेस, बाहुली नेलीस, चपलांचा तो जुना जोडही नेलास, जो तिला होत नाही. माझं २४ तारखेचं पत्र कुठे आहे म्हणून विचारलं तर जावईबापूंनी लिहून दाखवलं: फाईलमध्ये. तुझ्याही, तिच्याही. दोन्हीकडचा आकडा बदलून घेतलाय म्हणे. तीस वर्षांनी माणसाचा आकडा बदलून काय मिळतं ते मला कळत नाही, पण तुझा जीव शांत झाला असेल तर झालं.

सवडीने मी घर आवरलं आज. पोरीची उशी उन्हात टाकली. मास्तर जिन्यात भेटले, मी सांगितलं की येणार आहेत परत, आता सारखं येणं-जाणं राहील. ते म्हणाले, "केव्हा?" म्हटलं, सांगून गेलीय ती.

कारण जाताना मी तुझा हात धरून विचारलं ना. पुन्हा केव्हा आणशील तिला, असं ओठ मोठे करून, सावकाश, तुला नीट दिसेल असं विचारलं. तू हात सोडवून घेतलास. मग स्वयंपाकघरात परत गेलीस आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल आकड्यावर बोट टेकवलंस.

म्हणजे रविवारी येणार.